तांबडा, करडा आणि अक्काची पांदण

आमच्या साडूंनी आयुष्यात एकही वस्तू नुसती दुकानात जाऊन विकत घेतलेली नाही. आधी त्या वस्तूला एक प्रतिस्पर्धी शोधायचा, दोघांची झुंज लावायची आणि जी टिकेल ती घरी आणायची, असा त्यांचा शिरस्ता. छत्री घ्यायची तर दोन छत्र्या उघडून ते दुकानाबाहेर उभे राहतात आणि दुकानदाराला वरून तांब्यातांब्यानं पाणी ओतायला लावतात. यात बहुधा दुकानदारच भिजतो. टरबूज घेताना ते दोन टरबुजं दोन कानांशी धरून डोळे मिटतात, तेव्हा आसपासचं गिऱ्हाईक आपोआप गप्प होतं. माझ्या मेहुणीला, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीला, पाहायला ते इतक्या वेळा आले की आमच्या सासऱ्यांनी शेवटी वैतागून विचारलं, "जावईबुवा, काही अडचण आहे का?" त्यावर साडू म्हणाले, "पोरगी तं पयल्याच दिवशी पसंत होती. पण तुलना कराले दुसरी कोनी भेटून नाही राह्यली." हे वाक्य माझी मेहुणी अजून सांगते. कधी कौतुकानं सांगते, कधी तक्रार म्हणून, ते त्या दिवशीच्या त्यांच्या वागण्यावर अवलंबून असतं.

रस्त्यांच्या बाबतीतही तेच. जिथे दोन रस्ते फुटतात तिथे साडूंची गाडी थांबलीच पाहिजे. एकदा बुलडाण्याहून मेहकरला लग्नाला निघालो होतो. चिखलीत आल्यावर कुठल्याही शहाण्या माणसानं सरळ मेहकरचा रस्ता धरला असता. साडूंनी स्कूटर लावली आणि देऊळगाव राजावरून वळसा घालून गेलं तर कसं, यावर चहावाल्याचं, एका ट्रकवाल्याचं आणि चौकातल्या पोलिसाचं मत घेतलं. शेवटी आम्ही मेहकरच्याच रस्त्यानं गेलो, पण पोचलो तेव्हा अक्षता पडल्या होत्या, पंगती उठल्या होत्या आणि नवरीची रडारडही आटोपली होती. साडू मात्र समाधानी होते. रस्ता चुकला नव्हता.

त्यांची सारी नोकरी ढोरांच्या दवाखान्यात गेली. देऊळगाव राजाच्या आसपास असा बैल नसेल ज्याच्या जबड्यात साडूंचा हात गेला नाही. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी नजर तीच राहिली. समोर माणूस आला तरी ते आधी त्याच्या चालीकडे पाहतात. म्हणून जेव्हा त्यांनी जाहीर केलं, "साडूभाऊ, म्या आता फोर बाय फोर घेऊन राह्यलो," तेव्हा मी आधी खाली बसलो. स्कूटरवर उभं आयुष्य काढलेल्या या माणसाला डोंगर चढणारी, चिखल तुडवणारी, चारही चाकांना जोर देणारी गाडी कशाला हवी होती? मी विचारलं. ते म्हणाले, "अक्कासाठी."

अक्का म्हणजे साडूंची थोरली बहीण. आई लवकर गेल्यावर तिनंच त्यांना कडेवर घेऊन वाढवलं. लोणार तालुक्यात तिची शेती आहे, वावरातच घर आहे, आणि नवरा गेल्यापासून ती तिथे एकटीच राहते. एकटी म्हटलेलं तिला चालत नाही. "माहे दोन बैल हायेत ना," असं ती म्हणते. डांबरी रस्त्यापासून तिच्या दारापर्यंत जी वाट जाते ती पांदण, म्हणजे दोन्ही बाजूंच्या वावरांमधून, बोरी-बाभळींच्या मधून जाणारी मातीची वाट, आणि वाटेत एक नाला. उन्हाळ्यात तिथून कुणीही जावं. एक पाऊस पडला की ती काळी माती अशी काही धरते की चप्पल तिथेच राहते आणि माणूस पुढे जातो. पावसाळ्यात तिथून फक्त अक्काची बैलगाडी जाते. फसलेले ट्रॅक्टर, मोटारसायकली, एकदा तर निवडणुकीच्या प्रचाराची जीपसुद्धा अक्काच्याच बैलांनी ओढून काढली आहे, आणि हे ती प्रत्येक पाहुण्याला चहाच्या आधी सांगते.

या अक्काच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं, आता उशीर केला तर काही खरं नाही. त्या साली विहिरीच्या काठावरून तिचा पाय घसरला आणि ती केवळ दोराला लटकून वाचली. पण अक्काकडे प्रत्येक ऋतूला वेगळी सबब होती. हिवाळ्यात हरभरा, उन्हाळ्यात लग्नं, आणि पावसाळ्यात पांदण. साडूंनी तुलना करून पाहिली. हरभऱ्याला आणि लग्नांना इलाज नव्हता. पांदणीला होता. ते अक्कापुढे जाऊन बसले आणि म्हणाले, "पावसाळ्यात मोटार दाराशी आनली तं येशीन?" अक्का हसली. "माह्या बैलाले हात न लावता आनशीन तं येईन. नाही आली तं पुन्हा डोयाचं नाव काढू नको." दोघंही एकाच आईचे. त्या दिवसापासून साडूंनी कंबर कसली.

रिंगणात दोन गाड्या उतरल्या. एक जालन्याच्या शोरूममधली, लाल रंगाची, तीन दारांची. दुसरी बुलडाण्याची, राखाडी, पाच दारांची, अंगानं अधिक भरलेली. साडूंनी कंपन्यांनी दिलेली नावं पहिल्याच दिवशी टाकून दिली आणि त्यांना 'तांबडा' आणि 'करडा' म्हणायला सुरुवात केली. जालन्यात त्यांनी तांबड्याभोवती फेरी मारली, वशिंडावर ठेवावा तसा बॉनेटवर तळवा ठेवला, मागून ढकलून तो बिचकतो का ते पाहिलं आणि सत्तरीला आलेला हा माणूस सरळ गाडीखाली शिरला. विक्रेता पोरगा बिचारा वाकून वाकून आतल्या गाण्यांच्या यंत्राचं वर्णन करत होता. गाडीखालून आवाज आला, "तो गाते कसा ते नको सांगू बेटा. चिखलात पाय कसा टाकते ते सांग." बुलडाण्याच्या शोरूममध्ये ते पांदणीची ओली काळी माती बादलीत भरून घेऊन गेले, ती त्यांनी त्या चकचकीत फरशीवर ओतली आणि विक्रेत्याला बूट काढून त्यातून चालायला लावलं. पोरगा चार पावलं चालला, आणि प्रत्येक पावलाला त्याचा पाय मोठा होत गेला. "आता सांग," साडू म्हणाले, "तुहं टायर याले काय करीन?"  फरशी पुसायला वॉचमन आला तोवर आम्ही चहा पीत होतो.

भाव ठरवण्याचा प्रसंग तर मी जन्मात विसरणार नाही. बैलबाजारात सौदा तोंडानं होत नाही. दोघांनी दस्तीखाली, म्हणजे रुमालाखाली, हात घालायचे आणि बोटं दाबून आकडा सांगायचा, म्हणजे भोवतालच्यांना कळत नाही. साडूंनी जालन्याच्या पोराचा हात धरला, वर आपली दस्ती टाकली आणि बोटं दाबली. पोराला वाटलं, काकांना भरून आलंय. त्यानंही आदरानं दोन्ही हातांनी काकांची बोटं घट्ट दाबली. साडू एकदम उठले आणि म्हणाले, "ठरलं." काय ठरलं हे त्या पोराला कळेना. बैलबाजाराच्या भाषेत त्यानं गाडी जवळजवळ फुकट देऊन टाकली होती. मॅनेजर बाहेर आला, दस्तीचा खुलासा झाला, सगळे हसले. साडू मात्र हसले नाहीत. शब्द दिलेला पोरगा मागे सरतो, ही गोष्ट त्यांना फार लागली होती. शेवटी मॅनेजरनं त्यांची समजूत काढली, की गाडी एक दिवस पांदणीत नेऊन पाहा, मग बोलू. साडूंना तेच हवं होतं. बुलडाण्याला फोन करून त्यांनी सांगितलं, "जालन्याची गाडी येऊन राह्यली. तुमची भेत असन तं राहू द्या." मग तीही आली.

पोळ्यानंतरचा रविवार होता. आदल्या दिवशी दणकून पाऊस झाला होता. शंकरपट एरवी सुगीनंतर भरतो आणि त्यात बैल धावतात. हा मोटारींचा शंकरपट ऐन भाद्रपदात भरलाय म्हटल्यावर सारं गाव धुऱ्यावर, म्हणजे वावरांच्या बांधावर, येऊन उभं राहिलं. कुणी नारळ आणला होता, कुणी गुलाल. पहिल्यांदा करडा सुटला. त्याचा ड्रायव्हर तरणा, पांढरे बूट घातलेला. गाडी झोकात नाल्यापर्यंत गेली, तिथे चाकांत माती भरली, चाकांचे गोल गोल गोळे झाले आणि करडा जागच्या जागी गुरगुरत राहिला. ड्रायव्हरनं दार उघडलं, खाली पाहिलं, आपले बूट पाहिले आणि दार पुन्हा लावून घेतलं.

मग तांबडा. चालवायला स्वतः साडू, शेजारी मी, मागे जीव मुठीत धरून जालन्याचा पोरगा. साडूंनी धोतर खोचलं, चारही चाकांचा दांडा ओढला आणि गाडी अशी हळू काढली की मला वाटलं आम्ही उभेच आहोत. थोडं गेलं की ते उतरत, खुरपीनं एकेका चाकातली माती काढत, चाकावर थाप मारत आणि पुन्हा बसत. बैलाचा खूर साफ करावा तसं. मी म्हटलं, "भाऊ, ही काही बरोबरीची परीक्षा नाही. तो पोरगा उतरलाच नाही, तुम्ही चाकं खरवडताय." ते म्हणाले, "साडूभाऊ, गप बसा. मले अक्काकडे जायचं हाये." त्यांच्या कपाळावरून घाम गळत होता, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी त्यांना घाबरलेलं पाहिलं. नाल्यात गाडी कलंडल्यासारखी झाली. मागच्या पोरानं देवाचं नाव घेतलं. मग पुढची चाकं काठावर चढली, मागची चढली, आणि आम्ही अक्काच्या दारात होतो.

अक्का अंगणात बैल जुंपून उभी होती. सकाळपासून जुंपले होते म्हणे. शिंगांवर पोळ्याचा रंग अजून होता. तिला गाडी धड दिसत नव्हती. ती हात पुढे करून आली, आणि तो बॉनेटला लागताच तिनं फिरवत फिरवत चाकापर्यंत नेला. मातीनं माखलेली बोटं तिनं हुंगली.

"बैल नाही लावले?"

"नाही अक्का."

तिनं बोटं पदराला पुसली. मग म्हणाली, "मांगं दुसऱ्याची फसली ना? आयकू येऊन राह्यली." आणि बैल घेऊन ती स्वतः नाल्यावर गेली, करड्याला दोर लावून काढला, पांढऱ्या बुटांच्या पोराला दोन गोष्टी सुनावल्या आणि प्रसन्न होऊन परत आली. शब्द म्हणजे शब्द. शेजारच्या वावरवाल्याला बैलांचं सांगून तिनं गाठोडं बांधलं. पण तांबडा उंच, अक्काचे गुडघे गेलेले, तिचा पाय काही पोचेना. गाड्यांची तुलना करताना साडूंनी नेमकी एवढीच गोष्ट पाहिली नव्हती. ते ओशाळून उभे राहिले. अक्कानंच बैलगाडी तांबड्याला भिडवायला लावली, ती आधी तिच्यात बसली आणि तिथून सरकत मोटारीत गेली. "लागलेच ना माहे बैल," ती म्हणाली.

जालन्याची ती गाडी त्या दिवशी शोरूमला न जाता थेट बुलडाण्याच्या डोळ्यांच्या दवाखान्यात गेली. मागच्या सीटवर विक्रेता पोरगा अक्काचं गाठोडं आणि दुधाची बरणी मांडीवर घेऊन बसला होता, आणि फोनवर मॅनेजरला काय सांगावं ते त्याला सुचत नव्हतं.

आधी एकाच डोळ्याचं ऑपरेशन झालं, नीट झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा साडू अगदी समोर, स्टुलावर बसले होते. अक्कानं डोळ्याची उघडझाप केली, भिंत पाहिली, खिडकी पाहिली, मग भावाकडे पाहत राहिली. बराच वेळ पाहिलं. तिनं हात उचलून त्यांच्या गालाला लावला.

"कारे, तू एवढा म्हातारा कधी झाला?"

साडू उठून बाहेर आले. जिन्यात ते मला म्हणाले, "साडूभाऊ, इतके साल मी तिले जवानच दिसत होतो. उगाच केलं का ऑपरेशन?" आणि हसत हसत चष्मा पुसायला लागले. मला त्यांच्याबद्दल त्या क्षणी फार माया वाटली, पण तसं म्हणायची आमच्यात पद्धत नाही. मी त्यांना चहाला नेलं.

अक्का काही दिवस आमच्याकडे बुलडाण्यात राहिली. तोवर साडूंनी तांबडा घेतला, आणि आणल्याबरोबर त्याच्या दाराखाली लोखंडी पायरी बसवून घेतली. तिला पोचवायला निघालो तेव्हा अक्का त्या पायरीवरून एकटी चढली आणि काळा चष्मा लावून पुढच्या सीटवर बसली.   चिखलीत रस्ते फुटतात तिथे गाडी सवयीनं हळू झाली. मी मनातल्या मनात चहाची तयारी केली.

"कोनता रस्ता लांबचा हाये?" अक्कानं विचारलं.

"देऊळगाव राजाचा."

"मंग त्यानंच चाल. बालाजीचा कळस पाहीन. लोकाइची वावरं पाहीन. इतके साल मले लोकंच सांगून राह्यले, कोनाचं सोयाबीन कसं हाये ते."

साडूंनी गाडी थांबवली नाही. चहावाल्याला विचारलं नाही, मलाही विचारलं नाही. त्यांनी देऊळगाव राजाच्या रस्त्याला गाडी वळवली. दोन्ही बाजूंना सोयाबीन भरात आलं होतं. अक्का काचेला कपाळ लावून एकेक वावर पाहत होती, आणि हे त्या वावरापेक्षा कसं उजवं आहे, ते याच्यापेक्षा कसं पातळ आहे, सारं सांगत होती. साडू सावकाश गाडी चालवत होते आणि प्रत्येक वावराला म्हणत होते, "हाव अक्का."