ब्लाऊजच्या ग्रुपवर गेलेला निरोप

चौसाळ्यात माझं शिलाईचं दुकान आहे आणि माझ्या मोबाईलवर दोन ग्रुप. एक घरचा, एक गिऱ्हाइकांचा. नव्या गळ्याचा फोटो टाकला की बाया म्हणतात, "मला असाच पायजे," की धरलं काम. ग्रुप काढला तेव्हा आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, हसले होते. आता लांबलांबून मापाचे ब्लाऊज येतात म्हटल्यावर कशाला हसतील! लिहीत बसायला मात्र मला सवड नसते. मशीन चालवता चालवता बोलायचं आणि आवाज पाठवून द्यायचा, ही माझी पद्धत. त्या पद्धतीनंच माझी शोभा केली.

त्याचं असं झालं. थोरल्या लेकीच्या लग्नात आहेराच्या वेळी माईकवर पहिलं नाव नवरीच्या आत्याचं घ्यायचं असतं. यादी मी केलेली. गडबडीत आधी माझ्या बहिणीचं नाव लिहिलं, आणि तेच पुकारलं गेलं. माझी नणंद, पालीला दिलेली, ताटावरून उठून गेली. त्याला दोन नागपंचम्या उलटल्या. पंचमीला भाऊ मुराळी म्हणून जातो आणि बहिणीला माहेरी घेऊन येतो, ही आमच्याकडची रीत. पण मालक हटून बसलेले, "तिनंच आधी फोन करावा." मी तरी कुठं कमी? चूक माझी, हे मला कळत होतं, पण तोंडातून निघत नव्हतं. सणाला शेजारपाजारच्या लेकी झोक्यावर बसलेल्या पाहिल्या की माझा जीव तुटायचा.

यंदा पंचमी आठ दिवसांवर आली आणि माझं डोकं फिरलं. मालक रानात होते. मशीन चालवत मी घरच्या ग्रुपवर तोंड सोडलं, "अवो, सख्खी बहीण हाय तुमची! कावून गप बसलाव? चूक माझी हाय. आक्काचा मान मीच चुकवला. पर तिच्या तोंडावर म्हणाया मला लाज वाटती. तुमी मुराळी जाता का मी जाऊ? तिच्याबिगर पंचमी लई आळणी लागती!"

पाठवून बघते तर काय, गिऱ्हाइकांचा ग्रुप! दीडशे बाया! घाईघाईनं निरोप पुसला, तो दिसेनासा झाला आणि माझा जीव भांड्यात पडला. पाचच मिनिटांत उत्तरं सुरू. अगं बाई, मी तो फक्त माझ्याच मोबाईलमधून पुसला होता!

एक म्हणाली, "माझं ब्लाऊज राहू द्या, आदी नणंद आणा." दुसरी म्हणाली, "मालक ऐकत नसतील तर आमी येतो." तिसरीनं स्वतःच्याच नणंदेचं गाऱ्हाणं लावलं. मला रागही येत होता आणि हसूही. तेवढ्यात एकीनं लिहिलं, "अवो, तुमची नणंद बी हाय की या ग्रुपात."

मी यादी काढली. होती. माझं पहिलं गिऱ्हाईक तीच ना! दोन वर्षं बोलली नाही, पण ग्रुप सोडला नव्हता. माझा एकेक गळा, एकेक बाही ती गपचूप बघत होती. मशीनवर डोकं टेकून मी ढसाढसा रडले.

संध्याकाळी मालक रानातून आल्यावर मी त्यांच्यापुढं तो ग्रुपच उघडून धरला. बायांचे बोल ऐकून त्यांचाही ताठा उतरला. दुसऱ्या दिवशी सकाळीच गाडीला किक मारून पालीला गेले. थोड्या वेळानं त्यांचा फोन आला, "घराला कुलूप हाय." फोन अजून कानालाच होता, तोच दुकानासमोर काळीपिवळी जीप थांबली आणि आक्का उतरली. मुराळ्याची वाट न बघता! आमच्याकडं अशी कुणी येत नसते.

दुकानात दोन बाया माप द्यायला उभ्या होत्या. आक्का कमरेवर हात ठेवून म्हणाली, "दीडशे बायांला सांगितलंस. मला कवा सांगतीस?"

तोंडातली टाचणी मी काढून ठेवली. "चुकलं माझं, आक्का," मी म्हटलं. तिनंच मला ओढून छातीशी धरलं. त्या दोघी बायाही डोळ्याला पदर लावून हसत होत्या.

"येडे," आक्का माझ्या कानाशी म्हणाली, "राग तर पहिल्याच वर्षी गेलता. कुणी बोलवायचीच वाट बघत हुते."