वरून पाहिलेलं बोनकोडे

गेल्या महिन्यात आमच्या बोनकोड्यात समाजमंदिराची एक भिंत रंगवायचं काम माझ्याकडे आलं. कमिटीचं म्हणणं, जुनं गाव काढ... सेक्टर आणि टॉवर यायच्या आधीचं. आणि वरून काढ, घारीला दिसेल तसं, म्हणजे ज्याला त्याला आपलं घर सापडेल.

मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते, त्यामुळे लगेच हो म्हटलं. कागद घेऊन बसले तेव्हा लक्षात आलं, मी ते गाव पाहिलेलंच नाही. माझ्या जन्माआधीच भातशेती गेली होती.

वरून काढलेला एकही फोटो गावात कुणाकडे नव्हता. होते ते मांडवाखाली ओळीने उभं राहून काढलेले. आजचा सॅटेलाइट मॅप उघडला तर गच्च्या, पाण्याच्या टाक्या आणि पार्किंग...

मग बाबांना धरलं. संध्याकाळी ते भिंतीसमोर खुर्ची टाकून बसायचे आणि सांगायचे. पण बाबांचं सांगणं चालत जाणाऱ्या माणसाचं... "घरातून निंगाला की उजव्या हाताला पिंपल, मंग बांध." मी डोळे मिटून त्यांच्यामागे चालायचे, आणि मग मनातल्या मनात वर जाऊन तेच बांध रेषांसारखे काढायचे. पिंपळाचं खोड दिसणार नव्हतं, नुसता हिरवा घेर. माणसं म्हणजे डोकी आणि डोक्यावरच्या पाट्या.

शेतं झाली. खाडीच्या बाजूला मात्र बाबा अडले. लहानपणी ते आजोबांबरोबर शेतावर, आणि त्यांचा धाकटा भाऊ, दत्ताकाका, दिवसभर खाडीच्या चिखलात निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, पकडत असायचा. खाडी विचारायची तर काकालाच.

आणि बाबा आणि काका बोलत नाहीत...

जुनं घर पाडून दोघांनी दोन बिल्डिंगी बांधल्या त्या माझ्या जन्माआधीच; पुढे मी शाळेत असताना मधल्या गल्लीवरून भांडण झालं. त्याला कित्येक वर्षं झाली. एका लग्नात गेले तरी एका पंगतीला बसत नाहीत. आम्हा पोरांना सवय झालीय, कुणाला कुठलं आमंत्रण द्यायचं, कधी द्यायचं.

मी काकाला सकाळी बोलावलं. सकाळी काका, संध्याकाळी बाबा... असे आठ-पंधरा दिवस गेले. काकाने खाडीचा फाटा दाखवला, मिठागरं दाखवली, भरतीचं पाणी अडवणारी उघाडी कुठे होती ते दाखवलं. त्या संध्याकाळी बाबा उघाडीसमोर बराच वेळ उभे राहिले. "बरोबर काडली हाय," एवढंच म्हणाले. कोणी सांगितलं ते विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

सगळ्यांची घरं काढून झाली, आमचं तेवढं राहिलं. मुद्दामच राहू दिलं होतं. मी काय काढलं असतं तरी कुणीतरी दुखावलं असतं.

मागच्या रविवारी काकाला सकाळी जमलं नाही, तो संध्याकाळी आला. बाबा खुर्चीत बसलेले. मला वाटलं, आल्या पावली परत जाईल... पण तो सरळ भिंतीजवळ आला आणि मोकळ्या जागेवर बोट ठेवलं.

"यो कोनाचा घर रायला?"

"आपलं," मी म्हटलं.

"मंग काड ना."

"कसं काढू काका? मला तर दोन बिल्डिंगीच माहितीयत."

काका बोट भिंतीवरून फिरवत सांगायला लागला. "पुढं ओटी. ओटीपुढं आंगन. मागं पडवी, तिथं आयची चूल..."

"चूल पडवीन पावसाल्याचीच," बाबा बोलले. बघत होते माझ्याकडे. "उन्हाल्यान भायेर असायची. शेवग्याखाली."

काकाने वळून त्यांच्याकडे पाहिलं. "शेवगा डाव्या अंगाला होता ना, दादूस?"

दादूस म्हणजे मोठा भाऊ. काकाच्या तोंडून ती हाक मी शाळेत असताना शेवटची ऐकली होती.

बाबा खुर्चीतून उठले. मी धरूनच चालले, आता निघून जाणार. ते भिंतीपाशी आले आणि काकाचं बोट धरून थोडं उजवीकडे सरकवलं.

"हितं. शेवग्यावरशी पडलास नि हात मोरलास, तुलाच आठवत नाय?"

काका हसला. मी खाली मान घालून कौलं काढत राहिले, कारण डोळ्यांना धारा लागल्या होत्या. त्यानंतर दोघं शेवग्याचा घेर केवढा, यावर भांडले... चांगले अर्धा तास. मी तीनदा पुसून काढला. अंगण एकच काढलं, त्यावर दोघंही काही बोलले नाहीत.

गळाभेट वगैरे काही झाली नाही. गल्लीचा प्रश्न तसाच आहे, मिटेल किंवा नाही मिटणार. पण मला हे काम दिल्याबद्दल कमिटीचे मनापासून आभार... गाव वरून बघायला गेले आणि माझीच माणसं जवळून दिसली.

आज सकाळी काकूने जिताडा माशाचं कालवण पाठवलं, स्टीलच्या डब्यात. भरून आलेला डबा रिकामा परत द्यायचा नसतो, म्हणून आई आता तांदळाच्या भाकऱ्या थापतेय... आणि बाबा दर दोन मिनिटांनी विचारतायत, झाल्या का.