मामा कोणत्या यादीत?

दुसऱ्याच्या हातातला कागद वाचायची मला जुनी खोड आहे. कागद गेले, फोन आले, खोड मात्र राहिली. म्हणून जेवणाच्या सुट्टीत नीतू मारबते फोनवर बोट फिरवत स्वतःशीच हसली, तेव्हा मी डबा उघडा टाकून तिच्या टेबलाशी गेले.

"काय आहे वं त्याच्यात?"

"कामाची यादी आहे, पुष्पाबाई. आतापर्यंत सगळं एकातच कोंबलं होतं, एकशे बारा कामं. आज दोन याद्या करून राहिली. एक ऑफिस, एक घर."

आमचं कार्यालय जुन्या तलावांची दुरुस्ती पाहतं. मी तिथे लिपिक, नीतू स्थापत्य सहायक. ढिवराच्या घरातली, तलावाकाठीच वाढलेली मुलगी. वडील लवकर गेले. तिला शिकवलं ते बपेऱ्याच्या मामानं, बुधरामनं. जाळं टाकून, मासोळी विकून त्यानं भाचीला डिप्लोमापर्यंत नेलं. पोरगी कामाला वाघ आहे. एक वेळ जेवायची विसरेल, पण मोजणीची टेप गाडीत ठेवायला विसरणार नाही.

मला कुतूहल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. माणसाचा दिवस असा मधोमध कापता येतो? मी तर घरची भाजी ऑफिसच्या वाटेवर घेते आणि ऑफिसचा राग घरच्यांवर काढते. मी तिची परीक्षाच घ्यायला बसले.

"मोठ्या साहेबांच्या पोरीचं लग्न आहे पुढच्या महिन्यात. ते कुठं टाकशील?"

"ऑफिस."

"आणि त्या लग्नात नेसायच्या साडीला फॉल लावायचा आहे, तो?"

"घर." मग ती थांबली. "नाही, थांबा. लग्न ऑफिसचं, तं फॉलही ऑफिसचाच झाला ना?"

आम्ही दोघी हसलो. पण तिला घाई होती. एकेक नोंद उचलायला वेळ कुठला? तिनं शोधायच्या चौकटीत एकच शब्द लिहिला: मामा.

आमच्या भागाबाहेरच्या माणसाला हे सांगावं लागेल. मालगुजारांच्या, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जुन्या जमीनदारांच्या, काळात बांधलेले तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव. कागदोपत्री त्याचं झालं मा. मा. तलाव आणि तोंडी नुसता मामा. 'मोहाडीकडचा मामा फुटला', 'लाखनीचा मामा यंदा भरला नाही', असं आम्ही दिवसभर बोलतो आणि कोणाला हसू येत नाही.

सतरा नोंदी आल्या. नीतूनं सगळ्या एकदम धरल्या आणि ऑफिसच्या यादीत ढकलल्या. मी शेजारी उभी राहून कौतुकानं पाहत होते.

त्या सतरांतली एक अशी होती: 'मामा, बपेरा. पाणी गळते. गुरुवारी दाखवणे.'

हा मामा म्हणजे बुधराम. गळत होतं ते त्याच्या डाव्या डोळ्यातून. दोन वर्षांपूर्वी जाळं ओढताना उजव्या डोळ्यात काडी लागली होती. तोही असाच गळत राहिला, बुधराम तंबाखू चोळत 'होईल बरा' म्हणत राहिला आणि डोळा गेला. आता राहिलेल्याला लव्हाळ्याचं पातं लागलं होतं. गावातल्या डॉक्टरनं नीतूला फोनवर बजावलं होतं, दर गुरुवारी तुमसरला डोळ्यांचे डॉक्टर येतात, हा गुरुवार चुकवू नका. 'मी येते मामा, तयार राहा,' असं सांगून तिनं ते तेवढ्याच शब्दांत फोनमध्ये टिपून ठेवलं होतं.

ऑफिसची यादी तिनं आमच्या कनिष्ठ अभियंत्याला, निकेशला, जोडून दिली. तुमसरकडचे तलाव त्याच्याकडे. बपेऱ्याची गळती दिसताच त्यानं त्या नोंदीपुढे आपलं नाव टाकलं. त्याबरोबर ती नोंद नीतूच्या दिवसाच्या पानावरून उतरली. आणि जे पानावर नाही ते नीतूच्या डोक्यातही नसतं, हे मला तेव्हा कुठं माहीत होतं?

गुरुवारी नीतू सकाळीच लाखनीकडे मोजणीला गेली. निकेश गाडी घेऊन बपेऱ्याला. पुढचं सगळं निकेशनं सांगितलेलं.

चहाच्या टपरीवर त्यानं विचारलं, "मामा कुठं गळते जी?"

टपरीवाला म्हणाला, "घरीच बसला आहे. सकायपासून वाट पाहून राहिला."

निकेश चक्रावला. त्याला एका घरासमोर नेलं, तर ओट्यावर बुधराम धुतलेलं धोतर नेसून, डोळ्यावर फडकं धरून बसलेला. सरकारी गाडी पाहून तो उठलाच. "भाचीनं धाडली ना? ते म्हनेच, येतो म्हनून." आणि तो गाडीत बसला. निकेशनं नीतूला तीनदा फोन लावला, लागला नाही. ती तलावाच्या पाळीवर, मातीच्या बांधावर, तिथे रेंज कुठली! डोळ्याची लाली मात्र त्याला दिसत होती. त्यानं गाडी तुमसरला वळवली.

चार वाजता नीतू परतली आणि माझ्यासमोरच तिचा फोन वाजला. निकेशनं काम पूर्ण केल्याची हिरवी खूण होती. खाली त्याचा शेरा: 'मामा दाखवला. गळती डावीकडे. औषध सुरू.'

तिनं दोनदा वाचलं.

"पुष्पाबाई, आज गुरुवार आहे."

तिच्या हातातून फोन घेऊन निकेशला मीच लावला आणि आवाज मोठा केला. निकेश दवाखान्यातच होता. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलं, चार दिवस गेले असते तर हाही डोळा गेला असता. मग त्यानं फोन बुधरामला दिला.

"बरं केलं बाई, गाडी धाडली," बुधराम म्हणाला. "तुले कामातून सवड नसन म्हनून म्या समजलो."

हो म्हणून मोकळं होता आलं असतं. मी तर तिला तशी खूणही केली. पण नीतू खोटं बोलली नाही.

"मी नाही धाडली, मामा. मी विसरली होती. तुमचं काम चुकून माझ्या ऑफिसच्या यादीत गेलं, म्हणून तो आला."

"मंग कोनत्या यादीत पाह्यजे होतं?"

"घरच्या."

"तेथं असतो तं काय झालं असतं?"

नीतूनं घरची यादी उघडली. मीही पाहिली. टीनाला फोन करणे. आईच्या फोटोला चौकट. दाताच्या डॉक्टरकडे जाणे. बपेऱ्याला दोन दिवस राहायला जाणे. एक्केचाळीस कामं, आणि एकापुढेही खूण नाही. तलावांची यादी रोज संध्याकाळी रिकामी करणारी ही पोरगी. इकडे तिनं एका कामाला हात लावला नव्हता.

"तं आज कोणीच आलं नसतं, मामा," ती म्हणाली.

मग बुधराम म्हणाला, "तं मंग मले ऑफिसातच राहू दे."

तो हे रागानं म्हणाला असता तर तिला सोपं गेलं असतं. तो अगदी सहज म्हणाला, आणि नीतू सगळ्या कार्यालयासमोर रडायला लागली.