घोडीला देवी आली

मामंजींची घोडी मला पाण्यात पाहायची. मी चाऱ्याची पेंढी घेऊन गेले की कान मागं पाडायची, आणि मामंजी ओट्यावर नुसते खाकरले तरी गोठ्यातून खिंकाळून उत्तर द्यायची. सासऱ्याच्या घोडीशी सुनेनं बरोबरी करू नये एवढी अक्कल मला होती. तरी मनातल्या मनात मी करायचे आणि दर वेळी हरायचे.

आमचं गाव भोकरदन तालुक्यात, केदारखेड्याच्या पलीकडं. मामंजींचा डावा पाय विहिरीच्या कामात दगडाखाली सापडून मोडला होता. हाडवैद्यानं बसवला, पण वाकडा बसला. चार पावलं टाकली की ते भिंत शोधायचे. मळा गावापासून लांब, नाल्याच्या पल्याड. घोडी होती म्हणून मामंजी रोज मळ्यात जायचे. घोडी नसती तर जन्मभर ओट्यावर बसले असते. ओट्यावर बसलेले मामंजी म्हणजे दिवसभर मला हाका. तेव्हा घोडी जगावी असं मलाही मनापासून वाटे. माझा स्वार्थ होता, लपवायचं काय त्यात? पण खरं सांगायचं तर दुसरंही एक होतं. शेत सुटलेला माणूस कसा दिसतो ते मी गावात पाहिलं होतं, आणि मामंजींना तसं पाहायची माझी छाती नव्हती.

महाराष्ट्र झाला त्या साली घोड्यांची साथ आली. ही बातमी आणली शेटजींनी. शेटजी म्हणजे गावातले मारवाडी दुकानदार. त्यांचे पणजोबा मारवाडातून आले, ते इथलेच झाले. मामंजी आणि ते लंगोटीयार. माल आणायला ते जालन्याला जायचे आणि मालाबरोबर बातम्या आणायचे, त्या मात्र फुकट.

"पाटला, घोडे पटापटा मरून राह्यले," शेटजी म्हणाले. "सरकारचा जनावरांचा डॉक्टर येऊन राह्यला केदारखेड्याला. सुई देतो. खर्चा बिलकुल न्हाई. टोचून घे."

मामंजींना हे पटणं अवघड होतं, कारण गावचे जनावरांचे डॉक्टर ते स्वतःच होते. बैलाचा खांदा सुजला, म्हशीचं पोट फुगलं, गाय लंगडली, की मामंजी विळा चुलीत लाल करायचे आणि डाग द्यायचे. एका रोगाला एक औषध, दुसऱ्या रोगालाही तेच. त्यांचा हात हलका आहे असं पंचक्रोशीत म्हणत. हात हलका म्हणजे जनावर ओरडायचं, पण जरा कमी.

शेटजींनी तरी पिच्छा सोडला नाही. शेवटी मामंजी घोडीवर बसून गेले, शेटजी बरोबर पायी. डॉक्टरनं मानेला सुई दिली आणि सांगितलं, गाठ येईल, ताप येईल, घाबरू नका. काही आठवडे हिला कामाला लावू नका. मामंजींनी मान हलवली आणि त्याच घोडीवर बसून घरी आले. दुसऱ्या दिवशी मळ्यात गेले, तिसऱ्या दिवशीही गेले. मी म्हटलं, "मामंजी, डॉक्टरनं काम नको सांगितलं ना?"

"काम कुठं करून राह्यली ती? मी नुसता बसतो तिच्यावर."

यावर काय बोलणार, कपाळ? 

त्या दिवशी सांजच्याला घोडी परतली ती मान खाली घालून. सुई दिली तिथं नारळाएवढी गाठ. अंग तव्यासारखं तापलेलं, पुढचे पाय लटलट कापत होते. पाणी पुढं केलं तर तोंड लावलं नाही. मामंजींनी गाठीवर हात ठेवला, ती शहारली.  ते भिंत धरत धरत चुलीपाशी आले, वळचणीतून विळा काढला आणि निखाऱ्यांत खुपसला. आमची भाकरी तव्यावर होती, ती मी उचलून घेतली.

शेटजी तेवढ्यात आले. घोडी पाहिली, मग चुलीतून निघालेला लाल विळा पाहिला. शेटजी जैन. कंदिलावर चिलटं मरतात म्हणून दिवस मावळायच्या आत जेवणारा माणूस तो. 

"थांब पाटला! काय करून राह्यला तू?"

"डाग देतो. तुझ्या सुईचं विष बाहेर काढतो."

"अरे, विष न्हाई ते." शेटजींनी एकदा मामंजींकडं पाहिलं, एकदा घोडीकडं. "टोचल्यावर पोरांच्या दंडाला फोड येतो, ताप येतो, तवा आपण काय म्हणतो? आई आली म्हणतो. मंग हे दुसरं काय हाय? घोडीला देवी आली! आईच्या अंगाला तापलेलं लोखंड लावतो तू?"

मामंजी विळा धरून तसेच उभे. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, दारातून हे ऐकत होत्या. त्या आल्या आणि खाली वाकून नवऱ्याच्या पायातल्या चपला स्वतः काढून घेतल्या.

"आईसमोर चपला घालून उभं राहू नये," त्या म्हणाल्या. "विळा ठेवा."

विळा ठेवला गेला आणि माझे हाल सुरू झाले. घरात आई आली म्हणजे फोडणी बंद, तेलाचा वास तिला सोसत नाही. डोक्याला तेल नाही, फणी नाही. शिवण नाही. दाराला कडुलिंबाचा डहाळा. अंगणात कुणी चप्पल घालून यायचं नाही, मोठ्यानं बोलायचं नाही. नवराबायकोनं एका खोलीत निजायचं नाही. आमचे हे अंथरूण काखेत मारून मळ्यात गेले. तसे ते घरात काही झालं की मळ्यातच जायचे, या वेळी अंथरूण नेलं एवढंच.

मी म्हटलं, "आत्याबाई, पण ही घोडी हाय."

"आई काय माणसं पाहून येते?"

 

त्याच दिवशी घोडीनं मागचा पाय झाडला, बादली उडाली आणि माझ्या नडगीवर बसली. मी "मेले गं माय" म्हणून खाली बसले. आत्याबाईंनी हात जोडले. घोडीला.

दुसऱ्या दिवसापासून बाया यायला लागल्या. हळदकुंकू, नारळ, दहीभात. शेटाणी आदल्या दिवशीच्या पुऱ्या आणि थंड राबडी, म्हणजे बाजरीची ताकातली पेज, घेऊन आल्या. त्यांच्यात आईला शिळंच चालतं. शेटजींनी बायकोला खरं सांगितलं नव्हतं वाटतं. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, तशी माझी गत. आलेल्या बाईला पाणी द्या, बसायला द्या, अळणी जेवणाबद्दल बोलणी खा. घोडी तापानं फणफणलेली, अन्नाकडं बघत नव्हती. पण एक म्हातारी तिचं तोंड उघडून राबडी कोंबायला निघाली तेव्हा माझं डोकं फिरलं. या बाया भक्तीनंच घोडी मारतील असं मला दिसायला लागलं.

"माझ्या सपनात आई आल्त्या," मी म्हटलं. "म्हणाल्या, शिजवलेलं काही नको. हिरवा घास आणा. ते बी मी मागंल तवाच."

 आत्याबाईंनी माझ्याकडं पाहिलं. लग्न होऊन आल्यापासून इतक्या आदरानं त्यांनी माझ्याकडं कधी पाहिलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत आमच्या दारात हिरव्या घासाचा ढीग लागला. आमच्या इतर जनावरांची चंगळ झाली.

पुढच्या दुपारी घोडी बसली. नुसती बसली नाही, आडवी झाली, मान लांब टाकून. घोडं आडवं झालं की पुन्हा उठत नाही असं आमच्याकडं म्हणतात. मामंजी कसेबसे गोठ्यातून आले आणि त्यांनी पुन्हा विळा काढला.

"पाप लागलं तं मला लागंल," ते म्हणाले. "ती मरून राह्यली."

आत्याबाई चुलीसमोर मांडी घालून बसल्या. नवऱ्याला उलटून न बोलणारी बाई ती. मामंजी जेवायला बसले की हात जोडून उभी राहणारी.

"मला तुडवून जा चुलीकडं," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, आता मामंजी हात टाकतात.  ते बायकोकडं पाहत राहिले, आणि मग विळा हळूच खाली ठेवून परत गोठ्यात गेले. जाताना त्यांनी भिंतसुद्धा धरली नाही.

शेटजी दुकान बंद करून धावत आले. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. सुई त्यांची, देवीही त्यांचीच. मला बाजूला बोलावून म्हणाले, "बाई, ही मेली तं मी या गावात तोंड कसं दाखवू?"

"तुमच्या तोंडाचं राहू द्या शेटजी. मामंजी उद्या मळ्यात कसे जातील ते बोला."

मोठ्या माणसाला असं बोलायला नको होतं. पण ते रागावले नाहीत. माझ्या हातातलं ओलं फडकं त्यांनी घेतलं आणि पांढऱ्या धोतरासकट शेणात बसले. लिंबाच्या पाल्याच्या पाण्यात फडकं बुडवायचं, गाठीवर ठेवायचं, तापलं की पुन्हा बुडवायचं. दिवस मावळला, त्यांचं जेवण राहिलं, ते उठले नाहीत. मामंजी घोडीचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. "ऊठ ना माय," म्हणत होते. "ऊठ. मी न्हाई बसत तुझ्यावर. ऊठ फक्त." मी गोठ्याच्या दारात उभी राहून रडले. त्या जनावराचा इतकी वर्षं हेवा केला, आणि आता त्याच्याशिवाय हा माणूस कसा दिसेल ते मला पाहवत नव्हतं.

सकाळी गोठ्यात गेले तर घोडी उभी. तिनं मला पाहिलं आणि कान मागं पाडले. मी ओरडतच घरात पळाले. आईसमोर ओरडू नये हे विसरले, आणि कुणी मला आठवणही करून दिली नाही. दुपारी तिनं लीद टाकली. मामंजींनी ती सगळ्यांना दाखवली. पाहुणे आले तर पाहुण्यांनाही दाखवली.

गाठ पिकली नाही, हळूहळू जिरली. मग आत्याबाईंनी आईची पाठवणी केली. घोडीला हळदीच्या आणि लिंबाच्या पाण्यानं आंघोळ घातली, पाच सवाष्णी जेवू घातल्या. मामंजी अजून तिच्यावर बसत नव्हते. आमचे हे त्यांना मागून आणलेल्या बैलगाडीतून मळ्यात नेत, आणि मामंजी वाटभर बैलांना नावं ठेवत.

सवाष्णी गेल्यावर मामंजी आणि शेटजी ओट्यावर बसले होते. मी चहा नेऊन दिला. शेटजींनी चहा बशीत ओतला.

"पाटला, एक सांगू? राग धरू नको. देवीबिवी काही न्हवती. डॉक्टर बोलल्ता ना, गाठ येईल म्हणून? तीच व्हती. तू ऐकणार न्हाई म्हणून तोंडात आलं ते बोललो."

आता ओटा हादरणार म्हणून मी दारामागं सरकले.

"मला माहीत व्हतं," मामंजी म्हणाले.

"कधीपासून?"

"तू बोलला तवापासून. तुला खोटं बोलता येत न्हाई, शेट. दुकान कसं चालवतो काय माहीत."

"मंग डाग काहून न्हाई दिला?"

मामंजी गोठ्याकडं पाहत होते. "कोणी तरी हात धरला ना माझा." मग म्हणाले, "त्या वक्ताला तू मारवाडात गेल्ता. तवा हात धराया कोणी न्हवतं."

शेटजींनी बशी खाली ठेवली. त्यांनी चहा घेतलाच नाही. मामंजींच्या गुडघ्यावर हात ठेवला.

मला काही कळेना. मी आत गेले. आत्याबाई सुपात डाळ निवडत होत्या. मी विचारलं, "आत्याबाई, मामंजी कोणत्या वक्ताचं बोलून राह्यले?"

त्यांनी वर पाहिलं नाही. एक खडा काढला, बाजूला टाकला.

"माझा पह्यला. दात येऊन राह्यले व्हते त्याला. ताप आला, पोट फुगलं. ह्यांनी पोटावर डाग दिला. सांजच्याला गेला."

लग्न होऊन इतकी वर्षं झाली होती. माझा नवरा या घरातला थोरला, असंच मला सगळ्यांनी सांगितलं होतं.  मी त्यांच्याजवळ खाली बसले. तुम्ही का नाही धरला हात, हे माझ्या ओठावर आलं होतं, पण मी विचारलं नाही.

आत्याबाईंनी सूप खाली ठेवलं.

"लेकराचे पाय मी धरल्ते," त्या म्हणाल्या.