हवालदार चैतरामच्या कागदावरची बायको

हवालदार चैतराम रामटेके बाजारातून चालायला लागले की मागून तीस माणसांची तुकडी येते आहे असं वाटे. मागे कोणीच नसे. फार तर एखादं कुत्रं. पण चैतरामांची मान, खांदे आणि मिशा यांना त्याची खबर नव्हती. अठरा वर्षं पलटणीत काढून ते १९६० साली पेन्शनीवर घरी आले आणि त्या दिवसापासून कटंगी भागातल्या चुका सुधारण्याचं काम त्यांनी बिनपगारी अंगावर घेतलं.

बालाघाटची बस चार मिनिटं उशिरा सुटली, तर ते कंडक्टरला घड्याळ दाखवत. शाळेच्या झेंड्याची गाठ चुकीची बांधली, तर हेडमास्तरांना झेंडा खाली उतरवून पुन्हा बांधायला लावत. बाजारात वांगी विकणाऱ्या मैनाबाईला तर त्यांनी वांगी उंचीप्रमाणे रांगेत लावायला शिकवलं होतं. "हवालदारसाहेब, वांगे भाजाचे हायेत, परेडले नाही जाचे," असं ती म्हणायची; पण ते दिसले की घाईघाईनं दोनचार वांगी सरळ करून ठेवायची.

असा हा माणूस. आणि त्याच्या स्वतःच्या कागदात एक चूक होती. भयंकर चूक. ती जगात त्यांना एकट्यालाच ठाऊक होती आणि सत्तावीस वर्षं त्यांनी ती पोटात दाबून ठेवली होती.

१९६९च्या पावसाळ्याच्या शेवटी ती बाहेर आली. धानाची रोवणी उरकली होती. चैतराम ओसरीवर बसून मिशांना तेल लावत होते, तेवढ्यात पोस्टमननं सरकारी लिफाफा आणून दिला. चष्मा सापडेना, म्हणून त्यांनी तो सुनेला दिला. सून पुष्पलता सातवी शिकलेली. नवरा खेमराज भरवेलीच्या खाणीत कामाला, शनिवारी सायकलनं घरी यायचा, त्यामुळे आठवडाभर वाचण्यालिहिण्याचं काम तिच्याकडे. तिनं हिंदीतला मजकूर खणखणीत आवाजात वाचला. पेन्शनर वारल्यास त्याच्या पत्नीला पेन्शन मिळावी, यासाठी नावं तपासणं चालू आहे. आपल्या शीटरोलमध्ये, म्हणजे शिपायाच्या जन्मापासूनची सगळी कुंडली असलेल्या कागदात, खालील नोंद आहे. बरोबर असल्यास जोडीचा फोटो पाठवावा.

"पत्नी का नाम," पुष्पलतानं वाचलं, आणि ती थांबली.

"वाच ना वं," आतून जिजाबाईंचा, म्हणजे हवालदारीणबाईंचा आवाज आला. आपलं नाव सरकारी कागदातून ऐकायला त्या पदराला हात पुसत बाहेर येऊन उभ्याही राहिल्या होत्या.

"चांदनी," पुष्पलता म्हणाली, आणि तिनं कागद घडी करून सासऱ्याच्या मांडीवर ठेवला, जणू तो गरम होता.

घरात इतकी शांतता पसरली की मिशांवरचं तेल ओघळलेलंही ऐकू आलं असतं.

"कोन हाये हे चांदणी?" जिजाबाईंनी विचारलं.

चैतरामांनी मिशीचं टोक पुन्हा पिळलं.

"रांचीच्या छावणीतली हाये? का तिकडं बर्मात ठेवली होती?"

चैतरामांनी दूर, शत्रूच्या दिशेनं बघावं तसं धानाच्या बांध्यांकडे बघितलं.

"मले वाटलंच होतं. सुटीवर आले का नुसते चूप बसून राहत. म्या म्हणो, लढाईच्या आठवणी येत असतीन बिचाऱ्याले."

तीन दिवस जिजाबाई त्यांच्याशी बोलल्या नाहीत. बोलायचं असलं की कोंबड्यांशी बोलायच्या, आणि कोंबड्यांना सांगितलेलं सगळं ओसरीपर्यंत ऐकू यायचं. "खाय बाई दाने. तुया कोंबड्यानं तरी कागदावर दुसरी नाही लिवली." चैतराम भाकरी मोडत राहत. खरं सांगायचं तर त्यांना हा संशय थोडासा मानवलाही होता. गावातल्या म्हाताऱ्यांनी त्यांच्याकडे नव्या आदरानं बघायला सुरुवात केली होती. आणि खरी गोष्ट सांगण्यापेक्षा हे बरं, असं त्यांना वाटत होतं. कारण चांदणी ही बाई नव्हती. म्हैस होती.

झालं होतं असं. १९४२ साली भरती निघाली, तेव्हा चैतरामांचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. भरतीच्या मांडवात चाळीस पोरांची रांग. टेबलाशी बसलेला पंजाबी कारकून एकेकाला विचारी : नाव, बापाचं नाव, गाव, बायकोचं नाव. आता आमच्याकडे बायकोचं नाव घ्यायचं म्हणजे काय, हे त्या पंजाब्याला कोण सांगणार? घरात एकट्यानंसुद्धा कोणी घेत नाही. आणि इथे तर चैतरामांच्या अगदी पाठीशी, मानेवर श्वास सोडत, खुद्द बायकोचा थोरला भाऊ डोमाजी उभा! थोरल्या मेव्हण्यासमोर, चाळीस पोरांसमोर, त्याच्या बहिणीचं नाव उघड्या तोंडानं घ्यायचं? त्यापेक्षा जपान्याची गोळी परवडली.

"बीवी का नाम बोल!" कारकून ओरडला.

चैतरामांच्या डोळ्यांसमोर अंधार आला, आणि त्या अंधारात त्यांना सकाळी निघताना गोठ्यातून मान वर करून बघणारी घरची म्हैस दिसली. "चांदणी," ते म्हणाले. कारकुनाला नाव आवडलं. त्यानं सुंदर अक्षरात लिहून घेतलं. डोमाजीला मागे नीट ऐकू आलं नाही; शिवाय तो पुढच्याच मिनिटाला छाती दीड इंच कमी भरल्यामुळे परत पाठवला गेला, त्यामुळे साक्षीदारही उरला नाही.

पुढे मनीऑर्डरी बापाच्या नावानं येत राहिल्या. कागद पलटणीबरोबर फिरला, आसामात भिजला, फाळणीत वाचला. घर सोडताना चैतराम सी.पी.चे, म्हणजे इंग्रजांच्या मध्य प्रांताचे होते, परतले तेव्हा मध्य प्रदेशचे झाले होते; देशाचे नकाशे बदलले, पण चांदणी जागची हलली नाही. चैतराम नाईक झाले, हवालदार झाले. साहेबाला सांगून दुरुस्त करता आलं असतं. पण "साहेब, मी बायकोच्या जागी म्हैस लिहिली" हे वाक्य सावधानमध्ये उभं राहून कसं म्हणायचं, हे कोणत्याच कवायतीत शिकवलेलं नव्हतं.

चौथ्या दिवशी मात्र शेवंताबाई घरी आली आणि चैतरामांची मस्ती उतरली. शेवंताबाई ही त्यांच्याच पलटणीतल्या महागूची विधवा. महागूनं त्याच भरतीत, त्याच लाजेपायी, बायकोच्या जागी बहिणीचं नाव सांगितलं होतं; त्या रांगेतल्या आणखी तिघांनीही असंच काहीबाही सांगितलं होतं. महागू वारून चार वर्षं झाली. शेवंताबाई चार वर्षं बालाघाटला खेटे घालत होती आणि प्रत्येक वेळी तिला सांगण्यात येत होतं की कागदाप्रमाणे ती महागूची कोणीच लागत नाही.

"जिजाबाई, माया धनी मले सांगून जाता तं बरं झालं असतं," ती चहा पिता पिता म्हणाली. "आता मेलेल्या मान्साले कोन इचारन?"

ती गेल्यावर चैतराम उठले. मग स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन, चुलीकडे तोंड करून बसलेल्या पाठीला त्यांनी सगळं सांगितलं. रांग, डोमाजी, कारकून, म्हैस.

पाठ हलली नाही. पाठीकडूनच प्रश्न आला, "आपली चांदणी? लाथा मारे ते?"

"हौ."

"ते एका डोळ्यानं आंधळी होती."

"म्या कागदावर डोळा नाही लिवला, खेमराजची माय."

जिजाबाई वळल्या. हसावं की फुंकणी मारावी, हे त्यांचं ठरत नव्हतं. "बाई असती तं म्या तिच्या झिंज्या उपटल्या असत्या. म्हशीशी का भांडू? उठा. उद्याच्या पहिल्या बसनं बालाघाट."

जिल्ह्याच्या माजी सैनिकांच्या ऑफिसात दुलीचंद नावाचे बाबू होते. त्यांनी चैतरामांची हकिगत गंभीरपणे ऐकली, मध्येच उठून बाहेर गेले, भिंतीआड पाच मिनिटं काहीतरी खोकल्यासारखं करून आले आणि डोळे पुसत म्हणाले, "हवालदारजी, हलफनामा, यानी शपथ का कागज, लगेगा. जोड़ी का फोटो. और एक गवाह, जो शादी में हाजिर था. फिर तीनों कप्तान साहब के सामने बयान दोगे. मुँह से."

"मुँह से?" चैतरामांनी विचारलं. कागद, फोटो, शिक्के यांना ते भीत नव्हते.

"मुँह से," दुलीचंद म्हणाले.

फोटो निघाला. स्टुडिओवाल्यानं तीन वेळा "जरा हँसिए" म्हटलं, तरी चैतराम छाती पुढे काढून राष्ट्रपतींना सलामी देण्याच्या बेतात उभे राहिले, आणि जिजाबाईंनी भिंतीवरच्या रंगवलेल्या ताजमहालाकडे पाठ करून कॅमेऱ्याला असं दटावून पाहिलं की फोटोवाल्यानं पैसे आगाऊ मागितले नाहीत. लग्नाला हजर असलेला आणि अजून जिवंत असलेला साक्षीदार शोधायला फार लांब जावं लागलं नाही. तो एकच होता. डोमाजी.

ठरलेल्या दिवशी तिघे बाकावर बसले होते. मधे जिजाबाई, एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला पागोटं सावरणारा भाऊ. डोमाजीला कारण सांगितलेलं नव्हतं. कागदात "थोडी गलती" आहे, एवढंच माहीत होतं.

"जवाईबापू, घाम काहून येऊन राह्यला तुमाले? थंडी हाये ना."

"काही नाही, डोमाजीदादा."

आत बोलावणं आलं. कप्तानसाहेब स्वतः पेन्शनीवरचे, पांढऱ्या भुवयांचे. चैतरामांनी अशी सलामी ठोकली की टेबलावरची टाचणी उडाली. डोमाजी बरोबर त्यांच्या पाठीशी येऊन उभा राहिला. जागा तीच, मानेवरचा श्वास तोच. चैतरामांच्या पायांखाली एकोणीसशे बेचाळीस सालची माती आली.

"पत्नी का नाम?"

"फॉर्म में लिखा है, साब."

"लिखा हुआ तो चांदनी भी है," कप्तानसाहेब शांतपणे म्हणाले. "आप बोलिए. नहीं तो फाइल वापस."

 बर्माच्या जंगलात त्यांनी जखमी सुभेदाराला पाठीवर घालून तीन मैल आणलं होतं. त्या वेळी जीभ अशी टाळूला चिकटली नव्हती. त्यांनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून बायकोकडे पाहिलं. जिजाबाई खाली बघत नव्हत्या. त्या सरळ त्यांच्याकडे बघत होत्या, आणि त्या नजरेत शेवंताबाई बसलेली होती, चार वर्षं, बाहेरच्या त्याच बाकावर.

हवालदारांनी टाचा जुळवल्या, छाती भरली, आणि परेड मैदानाच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या तुकडीला हुकूम द्यावा तसे ते गरजले :

"जिजा-बाई!"

शेजारच्या खोलीतले दोन बाबू आणि बाहेर बाकावर बसलेले सात पेन्शनर ताडकन सावधानमध्ये उभे राहिले. डोमाजीनं पागोटं डोळ्यांवर ओढून घेतलं. जिजाबाईंच्या गालावर मात्र लग्नाच्या दिवशी चढली नसेल अशी लाली चढली.

"बहुत अच्छा," कप्तानसाहेब कान चोळत म्हणाले. "अब आप बताइए, बाई. पति का नाम?"

आता पंचाईत जिजाबाईंची. नवरा धीट झाला म्हणून त्या थोड्याच होणार होत्या! त्यांनी पदर सावरला. दुलीचंदबाबूंनी डोक्याला हात लावला.  एवढं गरजूनही फाइल परत जाणार.

"नाव मी नाही घेत," जिजाबाई स्पष्ट म्हणाल्या. "पलटनीचा नंबर सांगतो. लिवून घ्या. नऊ, चार, सात, दोन, शून्य, पाच, एक."

 कप्तानसाहेबांनी फाइल उघडली, बोट ठेवलं, आणि बाईंकडे पाहिलं. "फिर से?"

जिजाबाईंनी पुन्हा सांगितला, न अडखळता. नवरा पलटणीत गेल्यावर गावच्या मास्तरांकडून त्या पत्रं लिहून घेत. पहिल्या पत्रावर मास्तरांनी एक आकडा चुकवला आणि पत्र दोन महिन्यांनी शिक्के खाऊन परत आलं. लढाईचे दिवस. दोन महिने नवरा आहे की नाही, याचा पत्ता नाही. त्यानंतर अक्षरओळख नसलेल्या या बाईनं ते सात आकडे दळताना, रोवताना, पाणी आणताना घोकले, आणि अठरा वर्षं मास्तरांच्या पाठीशी उभं राहून दर पत्रावर बरोबर लिहून घेतले. चैतरामांना यातलं काहीच माहीत नव्हतं. पत्रं येत होती, त्यांना वाटे पोस्टखातं चांगलं आहे.

कप्तानसाहेबांनी पेन उचललं. "नाम तो कोई भी रटकर आ सकता है," ते दुलीचंदबाबूंना म्हणाले. "यह नंबर घरवाली ही जानेगी. लिखो : पहचान पक्की." मग त्यांनी मान वर केली. "हवालदार, आपके मोहल्ले में और कोई है, जिसने शरम के मारे गलत नाम लिखवाया?"

"है, साब. एक नहीं, चार. पहली शेवंताबाई."

"लेकर आइए. गवाह आप."

बसमध्ये अर्ध्या रस्त्यात डोमाजीनं पागोटं डोळ्यांवरून वर सरकवलं. मग म्हणाला, "जवाईबापू, एक इचारू का? त्या टायमाले म्या मागं नसतो, तं घेतलं असतं का नाव?"

चैतरामांनी विचार केला. "नाही. पंजाबी बी होता ना."

कार्तिकात दुरुस्तीचं पत्र आलं. पुष्पलतानं वाचलं. जिजाबाईंनी आपलं नाव तिला तीन वेळा वाचायला लावलं, आणि कागदावर ते कुठे आहे हे बोट ठेवून दाखवायला लावलं. मग त्यांनी तो नवऱ्याच्या डिस्चार्ज बुकात नीट घालून पेटीला कुलूप लावलं.

"झालं," त्या म्हणाल्या. "आता तुमचं काही बी झालं तरी मले फिकीर नाही."

"म्हंजे, मी मराले मोकळा का?"

"हौ. पन आज नाही," जिजाबाई विळा त्यांच्या हातात देत म्हणाल्या. "आज धान कापाचं हाये. आन् उद्या शेवंताले घेऊन पुन्हा बालाघाटले जाचं हाये तुमाले."