गौराक्काचा समुद्र

फोन आला तेव्हा मी गच्चीवर कुरडया वाळत घालत होते. "मावशी, आई गेली," गौराक्काची लेक उमा एवढंच म्हणाली. खाली गल्लीत कुणाचा तरी नळ सुरू होता, बादली भरून वाहत होती आणि तो बंद करायला कुणी येत नव्हतं. या गोष्टीला आता महिना होऊन गेला. गौराक्का म्हटलं की अजूनही मला तिचं दुखणं आठवत नाही. आठवतो तो समुद्र, जो तिनं सोलापुरात, बहात्तरच्या दुष्काळातल्या उन्हाळ्यात, जुन्या धोतरांतून उभा केला होता.

ती मूळची सोलापूरजवळच्या मंद्रूपची. लग्न होऊन शहरातल्या शुक्रवार पेठेत आली आणि मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवू लागली. घरात कानडी, शाळेत मराठी आणि रागावली की दोन्ही. आमच्या हौशी नाट्यमंडळात मी लहानसहान भूमिका करायची आणि ती नेपथ्य. त्या वर्षी नाटक निवडलं ते कोकणातल्या एका घराचं. मागच्या मोठ्या खिडकीतून दुसऱ्या अंकापासून सतत समुद्र दिसायला हवा होता आणि गौराक्कानं समुद्र कधी पाहिलेलाच नव्हता. आमच्यातल्या बहुतेकांनी नव्हता. तिनं पेठेतल्या घराघरांतून विरलेली धोतरं गोळा केली, भाजी धुतलेलं पाणी साठवून त्यात नीळ कालवली आणि एक पट्टी गडद, एक फिकी अशी सगळी रंगवली. सुट्टीमुळे शाळेचं सभागृह रिकामं असे. झरोक्यांतून उन्हाचे पट्टे उतरत, रंगात घालायला भट्टीवर ठेवलेल्या सरसाचा वास दरवळे, आणि ती जमिनीवर बसून निळ्या पट्ट्या एकमेकींना जोडत राही... मी शेजारी बसून माझे संवाद पाठ करायची. बाहेर रस्ता तापून पांढरा झालेला असायचा आणि आत आम्ही दोघी कुठल्याशा किनाऱ्याला लागलेल्या असायचो.

प्रयोगाला आठवडा उरला आणि आमचे दिग्दर्शक जोशी सर अडले. "बाई, लोक हंडे घेऊन टँकरमागे पळतायत. त्यांना आपण समुद्र दाखवायचा? चिडतील की लोक! खिडकीमागं साधी भिंत करा." गौराक्काच्या माहेरची विहीर आटली होती, वडिलांनी बैलं छावणीत नेऊन बांधली होती. घरी जाताना ती म्हणाली, "सर बरोबर बोलले, मंदा. मलाच लाज वाटायला लागलीय." दुसऱ्या दिवशी तिनं भिंतीसाठी पिवळा रंग कालवायलाही घेतला.

त्याच दुपारी तिचे वडील, अप्पा, मंद्रूपहून आले. लेक घरी नाही म्हणून शोधत शाळेत पोचले. शेवटचं एकदा बघावं म्हणून गौराक्कानं पंखा लावला होता आणि खिडकीमागं समुद्र हलत होता. अप्पा दारातच थांबले. कपाळावरची विभूती घामानं ओघळलेली.

"एवढं पानी..." ते म्हणाले. मग हळूच, "पिता येतंय का न्हाई गं?"

"खारं असतंय, अप्पा."

"असंना का. हाय की!"

ते पुढच्या बाकावर बसले. बघत राहिले आणि बघता बघता तिथंच आडवे होऊन झोपले. गौराक्का हातातला ब्रश तसाच धरून उभी राहिली. "बैलं सोडून आल्यापासून यांचा डोळा लागला नाही, आई सांगत होती..." ती कुजबुजली. मग आम्ही दोघी पायरीवर बसून राहिलो. जोशी सर आले, तेव्हा तिनं ओठांवर बोट ठेवलं. सरांनी झोपलेल्या माणसाकडे पाहिलं, मग खिडकीकडे पाहिलं. पंख्याच्या वाऱ्यानं अप्पांचा पटका हलत होता.

"राहू द्या," सर हळू आवाजात म्हणाले. "भिंत नको."

दिवे लावून तालीम केली तेव्हा नवीच अडचण निघाली. पंख्याच्या घरघरीत आमचे संवाद बुडत होते. मग गौराक्कानं धोतरांना सुतळ्या बांधल्या, आणि माझी भूमिका पहिल्या अंकातच संपत असल्यानं तिनं मलाही मागं बसवलं. "श्वास घेताना ओढायची, सोडताना सोडायची. घाई करू नको, समुद्राला कुठं जायचंय?" प्रयोगाच्या संध्याकाळी दुसऱ्या अंकाचा पडदा वर गेला, निळा प्रकाश पडला आणि आम्ही श्वासावर तो समुद्र हलवू लागलो. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं एका म्हातारीचा आवाज आला, "नीर बंतू!" पाणी आलं... आमच्याकडे नळ आला की गल्लीत अशीच हाक उठते. सगळीकडे हशा पिकला. गौराक्काचा हात थांबला. मला वाटलं, बुडालं नाटक. पण हशा हळूहळू विरला आणि त्याच्यामागून अशी शांतता आली की... कुणी उठलं नाही, कुणी चिडलं नाही. सगळे नुसते बघत होते. तिनं सुतळी पुन्हा ओढली. "अक्का, रडतेस?" मी विचारलं. "गप बस. श्वास चुकतोय."

पुढं पुष्कळ वर्षांनी मुलानं तिला रत्नागिरीला नेलं. आल्या आल्या मी गाठलं तिला. "कसा होता गं?" ती जरा विचारात पडली. "मोठा आहे. पण आवाज फार, मंदा. संवाद ऐकू यायचे नाहीत."

तिची एक सवय आम्हा सगळ्यांना पाठ होती. लग्न असो, बारसं असो, कुठंही गेली की ती आधी पार मागं जाऊन दारापाशी उभी राहायची. शेवटच्या माणसाला काय दिसतं ते बघितल्याशिवाय तिला बसवायचंच नाही. परवा मंडळातली आम्ही उरलेली माणसं तिच्या घरी जमलो. तिचा फोटो चौरंगावर ठेवला होता आणि खोलीत दाटी झाली होती. उमा हार घेऊन आली, पण फोटोकडे न जाता वाट काढत मागं गेली. दाराला टेकून क्षणभर बघत राहिली. मग पुढं आली, स्वयंपाकघरातनं एक पाट आणून तिनं चौरंगावर फोटोखाली सरकवला.

"मागच्यांना आई दिसत नव्हती," ती म्हणाली.