ओळखपत्रावरचा गाल

कॉलेज सुरू झालं की पहिल्या आठवड्यात जिमखान्याशेजारच्या खोलीत राखाडी पडदा लागतो, दोन दिवे उभे राहतात आणि मधे एक फिरतं स्टूल येतं. पहिल्या वर्षाची सगळी मुलं एकेक करून त्या स्टुलावर बसून उठतात. कॅमेऱ्यामागे उभ्या असलेल्या गृहस्थाचं नाव त्यांना ठाऊक नसतं. तो प्रत्येकाला "हनुवटी खाली" म्हणतो, म्हणून तो हनुवटीकाका. मागच्या मुलांनी पुढच्यांना हे नाव देऊन ठेवलेलं आहे, आणि काकांनाही ते जुन्या सदऱ्यासारखं अंगाला बसलं आहे.

ओळखपत्रासाठी बसलेला माणूस खांदे कानापर्यंत नेतो. "खांदे सोड" म्हटलं की ते आणखी वर जातात. काकांनी यावर फार पूर्वी एक तोडगा काढला. आपण बोलत राहायचं.

"पहिल्या दिवशी अनोळखी मुलाशेजारी बस. शाळेतले मित्र कुठे पळून जात नाहीत."

"कळलं नाही तर त्याच तासाला विचार. नंतर विचारू म्हणणारा परीक्षेच्या आदल्या दिवशी विचारतो, आणि तेव्हा सांगणाऱ्यालाही काही येत नसतं."

"सकाळी खाऊन निघत जा. रिकाम्या पोटी अर्थशास्त्र फार कडू लागतं."

मुलं ऐकू लागली की खांदे आपोआप उतरत, चेहरा मोकळा होई, आणि नेमक्या त्या क्षणी काका बटण दाबत. त्यामुळे या कॉलेजच्या ओळखपत्रांवरचे चेहरे कुणीतरी काहीतरी उपयोगाचं सांगत असल्यासारखे दिसतात. ऑफिसला हे पसंत होतं, म्हणून काम दरवर्षी काकांकडेच येई.

खरं तर काका स्वतः कॉलेजात काही महिनेच टिकले. वाणिज्य शाखेला नाव घातलं, शेवटच्या बाकावर बसले, कुणाशी बोलले नाहीत, आणि वडील अंथरुणाला खिळले तेव्हा शिक्षण सोडून एका फोटो स्टुडिओत कामाला लागले. पुढे त्या स्टुडिओच्या मालकाचेच जावई झाले. "फोटो काढता काढता मालकाची मुलगीच फ्रेममध्ये घेतली," असं लोक म्हणत. काकू मात्र म्हणत, "फ्रेम माझी होती, हे आत येऊन बसले." स्टुडिओत छपाई आणि कापाकापी काकूंकडे, कॅमेरा आणि उपदेश काकांकडे, अशी वाटणी होती. सगळ्या उपदेशांवर काकांनी एक कळस चढवून ठेवला होता आणि तो ते ठेवणीतल्या आवाजात सांगत. "जसे आहात तसे या. पहिल्या आठवड्यात जे तोंड दाखवाल, तेच पुढे तीन वर्षं चालवावं लागतं."

त्या वर्षी वाणिज्य शाखेची एक मुलगी स्टुलावर येऊन बसली. तिच्या डाव्या डोळ्याखालून निघालेला जांभळट डाग गालभर पसरून थेट जबड्यापर्यंत उतरला होता. जन्मखूण असावी. काकांनी तो पाहिला आणि पाहिला नाही असं दाखवायला दिव्याच्या स्टँडकडे वळले. मुलगी सरळ बसली होती, तोंड समोर करून.

"हनुवटी जरा खाली. हां. जशी आहेस तशी ये बरं का इथे. पहिल्या आठवड्यात जे तोंड दाखवशील..."

"माझं तर लांबूनच दिसतं, काका," ती म्हणाली. "ओळखपत्राची गरजच नाही."

रांगेतल्या मुली हसल्या, तीही हसली, आणि काकांनी बटण दाबलं. फोटो सुरेख आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्टुडिओत काका संगणकावर फोटो सारखे करत बसले होते. कुणाची कॉलर दुमडलेली असे, कुणाचा फोटो अंधारा असे. चेहऱ्याला हात लावायचा नाही, हा त्यांचा शिरस्ता होता. या मुलीच्या फोटोशी ते थांबले. बिचारी, त्यांना वाटलं. हसून नेते वरवर, पण मनात काय चालत असेल. आणि त्यांचा हात चालू लागला. उजव्या गालाची त्वचा उचलून डावीकडे बसवली, जबड्याजवळची सावली जुळवली, डोळ्याखालचा भाग हळूहळू उजळत नेला. काम इतकं बेमालूम झालं की ते खुर्चीत मागे रेलून बघत राहिले.

काकू कात्री घेऊन मागे उभ्या होत्या. "तिने सांगितलं होतं?"

"अगं, अशा गोष्टी कुणी तोंडाने सांगतं का?"

"मग आपण तोंडाने विचारायच्या असतात."

"तुला नाही कळायचं. उद्या कार्ड हातात पडेल तेव्हा तिचा चेहरा बघशील."

"चेहरा बघायचं काम तुमचं," काकू म्हणाल्या आणि कापायला बसल्या. काकांनी तो फोटो मूळ फोटोवरच जतन केला. दुसरी प्रत ठेवायचं त्यांच्या मनातही आलं नाही. आपण बरोबर आहोत अशी इतकी खात्री असल्यावर माणूस प्रत कशाला ठेवेल?

कार्डं वाटून झाली. पुढच्या सोमवारी उशिरा प्रवेश घेतलेल्यांचे फोटो काढायला काका कॉलेजात निघाले. फाटकावर रांग होती, कारण त्या दिवसापासून कार्डाशिवाय आत सोडायचं नाही असा हुकूम निघाला होता आणि वॉचमन नवा होता. नव्या माणसाला हुकूम फार चढतो. काका कॅमेऱ्याची तिपाई खांद्यावर घेऊन रांगेच्या कडेला उभे राहिले.

रांगेत पुढे तीच मुलगी होती. वॉचमनने कार्ड पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा कार्ड पाहिलं.

"हे तुमचं नाही."

"माझंच आहे."

"बहिणीचं असेल. बहिणीच्या कार्डावर आत जाता येत नाही."

"मला बहीण नाही. फोटोवाल्यांनी गाल धुऊन दिलाय," ती म्हणाली.

रांगेत हशा पिकला. मागून कुणीतरी म्हणालं, "साबण कोणता ते विचारून घ्या रे." आणखी हशा. वॉचमन ओशाळला, पण आता त्याला माघार घेता येईना. त्याने कार्ड तिच्या गालाशेजारी धरलं आणि एकदा इकडे, एकदा तिकडे बघू लागला. मुलगी हलली नाही. फक्त तिचे खांदे हळूहळू वर गेले.

काकांना फक्त एक वाक्य म्हणायचं होतं. "अहो, तो फोटो मी बिघडवला." वाक्य तयार होतं, जिभेवर होतं. पण रांगेतल्या निम्म्या मुलांनी त्यांना ओळखलं असतं, सगळा हशा त्यांच्याकडे वळला असता, आणि हनुवटीकाकांचं पुढे काय झालं हे गोष्टीसारखं वर्गावर्गांत सांगितलं गेलं असतं. काका तिपाईचा स्क्रू पिळत राहिले. तो घट्टच होता.

शेवटी ऑफिसातला कारकून बाहेर आला, यादीत नाव पाहून "सोडा हो हिला" म्हणाला. आत जाताना मुलीची नजर काकांवर पडली. ती रागावलेली दिसली नाही. ओळखीच्या माणसाला पाहून करतात तशी तिने मान हलवली आणि गेली. रागावली असती तर काकांना सोपं गेलं असतं.

त्या दिवशी काका नुसतं "हनुवटी खाली" म्हणत होते. "काका, सल्ला राहिला," एका मुलाने आठवण करून दिली. काकांनी घसा खाकरला, पण आतून काही आलंच नाही. सगळे फोटो ताठ आले. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच, काकांना वाटलं.

घरी काकूंनी ताटाकडे पाहून विचारलं, "भाजी खारट झालीय का?"

"नाही."

"मग?"

काकांनी फाटकावरची गोष्ट सांगितली. वॉचमन सांगितला, साबण सांगितला, कारकून सांगितला.

"आणि तुम्ही कुठे होतात?"

"होतो तिथेच."

"काय म्हणालात?"

काकांनी घास तोंडात घातला. काकूंनी एखादा टोमणा मारावा म्हणून ते वाट बघत होते. त्या बायकोने उभ्या जन्मात टोमण्याची संधी सोडली नव्हती. आज तिने सोडली. उठून पाण्याचा तांब्या भरून आणला आणि समोर ठेवला.

नवं कार्ड करून द्यायचं तर मूळ फोटो नव्हता. मुलीला पुन्हा बसवणं भाग होतं आणि त्यासाठी तिच्यासमोर उभं राहणं भाग होतं. दोन दिवस काकांनी दुसरीच कामं काढली. तिसऱ्या दिवशी ते वाणिज्यच्या वर्गाबाहेर जाऊन उभे राहिले. तास सुटला, ती मैत्रिणीबरोबर बाहेर आली.

"जरा काम होतं तुझ्याकडे," काका म्हणाले. मैत्रीण पुढे गेली. "फोटो पुन्हा काढू या. चूक माझी आहे. मी विचारायला हवं होतं."

"त्या दिवशी तुम्ही फाटकावर होतात ना?"

"होतो."

"मला वाटलं तुम्ही बोलाल."

"मलाही वाटलं होतं," काका म्हणाले.

ती म्हणाली, "फाटकाचं काही नाही, काका. मला त्याची सवय आहे. घरचं कठीण झालंय. आईने कार्ड पाहिलं आणि गप्पच बसली. मग म्हणाली, याची मोठी प्रत मिळेल का गं? आजवर तिने माझ्या गालाबद्दल कधी अवाक्षर काढलं नव्हतं. मला वाटायचं, तिला तो दिसतच नाही."

गाल काकांनी दुपारभरात बदलला होता, तोही खुर्चीत बसून, चहा पीत.

जिमखान्याशेजारच्या खोलीत ती पुन्हा स्टुलावर बसली. काका कॅमेऱ्यामागे गेले आणि गप्प उभे राहिले.

"काहीतरी बोला ना," ती म्हणाली. "तुम्ही बोलला नाहीत की माझे खांदे वर जातात."

"काय बोलू? कसा फोटो हवा ते तूच सांग."

"समोरून. दिवा दोन्हीकडे सारखा."

त्यांनी दिवा सारखा केला. फोटो पहिल्यासारखा हसरा आला नाही. काकांनी तो तसाच ठेवला, कॉलरवरची धूळसुद्धा पुसली नाही.

त्याच आठवड्यात स्टुडिओच्या काउंटरवर एक बाई आल्या. पर्समधून त्यांनी कार्ड काढलं. जुनंच, स्वच्छ गालाचं. "याची मोठी प्रत हवी होती," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मुलीला सांगू नका. तिला अचानक द्यायचीय."

काकूंनी कात्री खाली ठेवली आणि नवऱ्याकडे पाहिलं. "जुन्या फोटोची फाइल उरली नाही" म्हणून सांगायचं, त्याऐवजी नवा फोटो द्यायचा आणि मोकळं व्हायचं, एवढा रस्ता काकांना सरळ दिसत होता.

"तो फोटो तिचा नाही," ते म्हणाले. "गाल मी बदलला. माझ्या मनाने."

बाईंनी कार्ड पुन्हा डोळ्यांजवळ धरलं. "तिने नव्हतं सांगितलं?"

"तिने चकार शब्द काढला नव्हता."

"मला वाटलं तिनेच करून घेतला," बाई म्हणाल्या आणि काउंटरला धरून उभ्या राहिल्या. "मला वाटलं, पोरीच्या मनात इतके दिवस हे सलतंय आणि मी आई असून मला कळलं नाही. म्हणून म्हटलं, तिला एवढा आवडलाय तर मोठा करून लावू. तिला बरं वाटेल."

"आणि तिला वाटतंय की तो तुम्हाला आवडलाय."

बाईंनी तोंडावर हात ठेवला. काकूंनी स्टूल पुढे सरकवलं, पण त्या बसल्या नाहीत.

"अजून एक आहे," काका म्हणाले. हे सांगायची काहीच गरज नव्हती, आणि म्हणूनच ते सांगितल्याशिवाय त्यांना सुटका दिसेना. "या कार्डापायी तिला फाटकावर अडवलं. मुलं हसली. मी तिथे उभा होतो. मी बोललो नाही."

बाईंनी बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत माफी नव्हती आणि शिवीही नव्हती. मग त्यांनी कार्ड पर्समध्ये टाकलं. "खरा फोटो आहे का?"

काकांनी नवा फोटो संगणकाच्या पडद्यावर आणला. बाईंनी तो जवळ जाऊन पाहिला. "हसली नाही," त्या म्हणाल्या.

"नाही."

"मोठी प्रत राहू दे मग. आधी घरी जाते. तिच्याशी बोलते." दारात थांबून त्या म्हणाल्या, "पुढच्या वर्षी मुलांना काही सांगाल ना तुम्ही? माझी मुलगी घरी येऊन सांगत होती, काका छान सांगतात म्हणून. जशी आहेस तशी ये म्हणाले. दोन दिवस तेच चाललं होतं तिचं."

बाई गेल्या. काकूंनी कात्री उचलली, एक फोटो अर्धा कापला आणि थांबल्या.

"जेवणाचा डबा उघडू का?" त्यांनी विचारलं.

"थोड्या वेळाने," काका म्हणाले. पडद्यावर मुलगी समोर बघत होती. काकांनी बटणाकडे हात नेला, पडदा बंद करायला, आणि मग तो तसाच मागे घेतला.